संगणक मंदावला तर प्रथम काय पाहावे?

आपल्या पेढ्यांतील वहीखाते कागदावरून संगणकावर येऊन आता बराच काळ लोटला आहे. विंडोज १० या प्रणालीस निर्मात्याकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुना संगणक टाकून न देता त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवून काम पुढे चालविणे हा काटकसरीचा मार्ग होय. परंतु अशा संगणकाविषयी एक तक्रार वारंवार कानी येते. साधे बिल उघडावयास मिनिट लागते आणि जुन्या हिशेबाची सीडी घातली की सारे यंत्र गोठल्यासारखे होते. अशा वेळी कोणी लगेच नवे यंत्र घेतो, तर कोणी 'चालते आहे तोवर चालू द्या' म्हणून स्वस्थ बसतो. आमच्या नम्र मते हे दोन्ही मार्ग सारखेच तोट्याचे आहेत. मंदपणा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात, हे अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या आपल्या समाजास निराळे सांगावयास नको.

सर्वांत आधी करावयाचे काम तपासणीचे नव्हे, तर नकलेचे आहे. मंदावलेली डिस्क ही कित्येकदा मरणाच्या वाटेवरील डिस्क असते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, आणि 'डिस्क बिघडली' ही सबब तेथे उपयोगी पडत नाही. यास्तव हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावी आणि मगच पुढील गोष्टींस हात घालावा.

त्यानंतर दोष खरोखर डिस्कचाच आहे काय, हे पाहावे. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, अपुरी पडली की लिनक्स डिस्कचा काही भाग स्मरणशक्ती म्हणून वापरू लागते. त्यास स्वॅप म्हणतात. डिस्क रॅमहून फारच मंद असल्यामुळे सर्व काम रखडते. 'फ्री' ही आज्ञा दिली असता स्वॅप किती वापरला गेला ते दिसते. तो भरत चालला असेल तर दोष डिस्कचा नसून रॅम वाढविण्याची गरज आहे. 'डीएफ' या आज्ञेने डिस्क किती भरली तेही पाहावे, कारण काठोकाठ भरलेली डिस्कही काम अडविते.

आता डिस्कचे माप घ्यावे. पोत्यात पोकळ सळई खुपसून दाणे हातावर घेतल्याशिवाय आपण मालाचा भाव ठरवीत नाही, तद्वत येथेही अंदाजाने बोलू नये. 'एचडीपार्म' या साधनाने डिस्क सेकंदास किती मेगाबाइट वाचते ते कळते. हल्लीची फिरती हार्ड डिस्क साधारण १०० ते २०० आणि साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५०० मेगाबाइट वाचते. वीस वर्षांपूर्वीची डिस्क ५० च्या आसपास असली तरी ते नवल नव्हे. परंतु आकडा पाचदहावर आला असेल तर निश्चित बिघाड समजावा.

जुन्या, रुंद पट्टीसारख्या केबलच्या यंत्रांत याचे एक विशेष कारण असते. डिस्कवरील माहिती रॅममध्ये नेण्याच्या दोन रीती आहेत. पीआयओ या रीतीत मुख्य प्रोसेसर स्वतः माहितीचा कण न् कण वाहतो. जणू पेढीच्या धन्यानेच प्रत्येक पोते पाठीवर घ्यावे. डीएमए या रीतीत वाहतुकीचे काम वेगळ्या यंत्रणेकडे असते. हमाल पोती उतरवितात आणि धनी आपले हिशेब पाहतो. पीआयओची कमाल गती सेकंदास १६.६ मेगाबाइट, तर डीएमएच्या शेवटच्या प्रकाराची १३३ मेगाबाइट होती. वाहतुकीत वारंवार चुका झाल्या की लिनक्स सावधगिरीने स्वतःच खालच्या गतीवर येते. 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत त्या चुका सापडतात. ३३ मेगाबाइटहून अधिक गतीसाठी ८० तारांची केबल लागते. ४० तारांची जुनी केबल असेल तर ती बदलावी. जुन्या पुस्तकांत डीएमए बळेच चालू करण्याची आज्ञा दिलेली आढळते. चुका होत असताना तसे करणे म्हणजे माहिती धोक्यात घालणे होय. शिवाय त्या पद्धतीचा जुना आधार लिनक्सच्या २०२१ मधील ५.१४ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला आहे.

साटा जोडणीच्या यंत्रांत 'स्मार्टसीटीएल' हे साधन डिस्कची प्रकृती सांगते. त्यातील सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलल्यावर हा आकडा उतरत नाही. तो वाढावयाचा थांबला म्हणजे काम झाले. याउलट, बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या वाढत असेल तर डिस्कच झिजली आहे. मग दुरुस्तीच्या भरीस न पडता ती बदलावी. नक्कल राहून गेली असेल तर 'डीडीरेस्क्यू' हे साधन सुस्थितीतील भाग आधी उचलते व बिघडलेल्या भागाकडे मागाहून वळते.

राहता राहिली सीडी. सीडीची मूळ गती सेकंदास १५० किलोबाइट. ५२ पट म्हणून विकला गेलेला ड्राइव्ह जास्तीत जास्त सुमारे ७.८ मेगाबाइट वाचतो, आणि तेही केवळ बाहेरच्या कडेपाशी. तेव्हा सीडीकडून डिस्कची अपेक्षा ठेवू नये. मात्र ओरखडे किंवा धूळ असली की ड्राइव्ह गती उतरवून तोच भाग पुनःपुन्हा वाचतो आणि यंत्र गोठल्यासारखे भासते. अशा वेळी दुसरी चांगली सीडी घालून पाहावी. ती नीट चालली तर दोष पहिल्या सीडीत, तीही अडखळली तर ड्राइव्हमध्ये किंवा केबलमध्ये. सीडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. नाव लिहावयाची बाजूही जपावी, कारण चकाकणारा थर त्याच बाजूस पातळ लेपाखाली असतो आणि तेथील ओरखडा दुरुस्त होत नाही. जुन्या वर्षांचे हिशेब ज्यांच्याकडे केवळ सीडीवर आहेत, त्यांनी ते आजच डिस्कवर उतरवून घ्यावेत.

ही सर्व तपासणी घरच्या शिकलेल्या मुलामुलींकडून अथवा जाणकार कारागिराकडून करवून घेता येते. क्रम मात्र सोडू नये: आधी नक्कल, मग रॅम, मग माप, मग केबल आणि सर्वांच्या शेवटी नवी खरेदी. थोड्या पैशांची केबल बदलून जे यंत्र चालते ते टाकून देणे हा अपव्यय होय, आणि जी डिस्क जाणार हे कळले तिच्यावर पेढीचा हिशेब ठेवणे हा प्रमाद होय. दोन्ही टाळता येतात. इत्यलम्. जय जिनेंद्र.