फसफसलं!

ऑक्टोबर अर्धा सरला की रशियातल्या स्मोलेन्स्कच्या बाजारात कोबीची पोती येऊन पडतात. आंबवायला उन्हाळ्यातला हिरवा, पोकळ कोबी चालत नाही. पहिली कडक थंडी खाल्लेला, पांढरा, दगडासारखा घट्ट गड्डा लागतो. थंडीनं त्यात साखर वाढते आणि पुढचा सगळा खेळ त्या साखरेवर. माझ्या घरमालकीणबाई गड्डा कानाशी धरून दाबत. करकरला तरच पिशवीत.

घरी पात्यांच्या लाकडी फळीवर तो घासला की सुतासारख्या पट्ट्या पडतात. मधला दांडा पोरांनी कचाकचा खायचा. मी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते, तरी तो मला मिळालाच. सोबत गाजराचा कीस आणि जाडं मीठ. दहा किलोला दोनशे ते अडीचशे ग्रॅम; बाई मुठीनंच घालत. आयोडीनचं मीठ नको, कोबी मऊ पडतो, हे त्यांचं ठाम मत. मग बाह्या कोपरापर्यंत सारून, पाणी सुटेपर्यंत त्यांनी सगळं कणकेसारखं रगडलं. मी नकळत मागे सरकले. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तरी घर डोक्यावर घेतात!

एनॅमलच्या बादलीत थर दाबून भरले, वर अख्खी पानं, उलटी बशी आणि उकळत्या पाण्यानं धुतलेला नदीचा गोटा. बादली घरातच ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेनं फेस आला आणि खोलीभर उग्र वास. "फसफसलं!" मी मराठीतच ओरडले. बाई मात्र खूश. लाकडी काठी तळापर्यंत खुपसून त्यांनी वायू मोकळा केला; तो कोंडला तर कडवटपणा येतो. आईच्या लोणच्यात जंतूंनी टिकूच नये इतकं मीठ. इथे दोन-अडीच टक्केच: सडवणारे मागे पडावेत, आंबवणारे फोफावावेत, एवढंच.

चार दिवसांनी बादली गार बाल्कनीत गेली. त्या रात्री उकडलेल्या बटाट्यांबरोबर तो कोबी खाल्ला. वर कच्चा कांदा आणि सूर्यफुलाचं तेल. आंबट, थंड, दाताखाली करकरणारा.

आईला फोनवर सगळं सांगितलं.

"फेस आला? टाकून दे आधी, आणि बादली उन्हात ठेव."

आई काय म्हणाली, म्हणून बाईंनी विचारलं.

"छान झालंय म्हणते."