‘मानापमान’ची प्रयोगपरंपरा : मुखवटा कोणाचा?

मुखवट्याआडून पराक्रम गाजवणारा वीर पाश्चात्त्य रंजनपरंपरेत चिरपरिचित आहे. १९१९ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतून अवतरलेला झोरो २००८ मध्ये लंडनच्या रंगमंचावर संगीतनाट्याचा नायक झाला. त्याचे नाट्य नायकाच्या दुहेरी ओळखीवर उभे आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’मध्ये (१९११) ही रचना नेमकी उलटी आहे. येथे शूर धैर्यधर उघड्या चेहऱ्याने वावरतो. वेषांतर करते ती नायिका. निर्धन म्हणून त्याला नाकारणारी धनाढ्य भामिनी गरीब वनमाला बनून त्याच्या सहवासात येते आणि तिची दृष्टी पालटते.

प्रयोगात या वेषांतराला आणखी एक पदर लाभला. किर्लोस्कर नाटक मंडळीत भामिनीची भूमिका बालगंधर्व करीत; म्हणजे पुरुष नटाने श्रीमंत स्त्री व्हायचे आणि त्या स्त्रीने गरीब युवती. गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि बालगंधर्वांचे गायन यांमुळे नाटकाचा तोल भामिनीकडे झुकला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले आणि नायकाचा स्वर तुल्यबळ झाला. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी आपल्या आक्रमक गायकीने धैर्यधराच्या पदांना निराळे रूप दिले.

संहिता एकच, परंतु नाटक कोणाचे, याचे उत्तर प्रत्येक वेळी गायक नटाने दिले. म्हणूनच संगीत नाटकाच्या तौलनिक अभ्यासात छापील संहितेबरोबर प्रयोगपरंपराही वाचावी लागते.