सुट्या भागांची बंदूक

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसास आबिड्स ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेत असलेल्या आल्बर्ट आबिद या आर्मेनियन गृहस्थाचे येथे दुकान होते. दुकान गेले, नाव राहिले. शालेय पुस्तके, लग्नाची वस्त्रे, रविवारी पदपथावर मांडलेले जुने ग्रंथ, या सर्वांसाठी आमची पावले आबिड्सकडे वळत आली आहेत. परंतु गतवर्षी आम्ही तेथे ज्या कामासाठी गेलो, ते काम आपल्या वाट्यास येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. तीर्थरूपांच्या निधनानंतर घरातील दुनळी बंदूक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाची होती.

ही बंदूक मूळची आमच्या आजोबांची. परभणीकडील आमच्या गावी १९४८ सालच्या धामधुमीत आजोबांनी कित्येक रात्री ती मांडीवर घेऊन ओसरीवर काढल्या. बार एकही उडाला नाही. पण वाड्यातील बायकामुले त्या रात्री झोपू शकली ती तिच्या भरवशावर, असे आजी सांगत असे. आजोबा डावखुरे होते. विकत घेतलेल्या बंदुकीचा लाकडी कुंदा त्यांच्या डाव्या खांद्यास नीट बसेना, म्हणून गावच्या सुताराने तो तासून, किंचित बाक देऊन, त्यांच्या गालाच्या मापाने नवा घडविला होता. पुढे तो तडकला तेव्हा त्यास पितळी पट्टी ठोकली. परवाना वडिलांच्या नावे झाला, परंतु त्यांचा नेम तिने कधीच साधू दिला नाही. ते उजव्या हाताचे.

आमच्यासमवेत आमचा पुतण्या होता. तो यंत्रशास्त्राचा पदवीधर आहे. त्याचे म्हणणे निराळे होते. "काका, बंदूक जमा कशाला करायची? परवाना माझ्या नावे मागू. कुंदा नवा बसवू, वर दुर्बीण लावू. हल्ली सगळे सुटे भाग मिळतात." आमच्या धाकट्या बंधूंचाही त्यास दुजोरा होता, आणि या प्रश्नावरून घरात दोन महिने पुरेशी कटुता झाली होती.

दुकानदार वृद्ध होते. त्यांनी बंदूक उघडली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिले, पितळी पट्टीवरून अंगठा फिरविला आणि पुतण्यास म्हणाले, "बेटा, पुरानी बंदूक की हड्डी दूसरी में नइं बैठती. ये एकीच आदमी के वास्ते बनी थी."

या एका वाक्यात शस्त्रविद्येचा दोनशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. पूर्वी प्रत्येक बंदूक हे एकेका कारागिराचे स्वतंत्र अपत्य असे. चाप मोडला तर कानस घेऊन नवा घडवावा लागे. शेजारच्या शिपायाच्या बंदुकीचा चाप तिला चालत नसे. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां या कारागिराने अगदी समान मापाचे भाग तयार करून, ढिगातून हाती येतील ते उचलून बंदुकीची कळ जुळवून दाखविली. तेव्हा पॅरिसमध्ये वकील असलेल्या टॉमस जेफर्सन यांनी ती पाहून मायदेशी कळविले. त्याच काळात दुसरा एक फ्रेंच मनुष्य, रेमंड, निजामाच्या पदरी होता. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांपुढे निजामाचा पराभव झाला, त्या लढाईत रेमंडच्या पलटणी निजामाकडून लढल्या. त्याच सुमारास त्याने उभारलेला तोफांचा कारखाना आबिड्सपासून हाकेच्या अंतरावर होता. त्या भागास आजही गनफाउंड्री म्हणतात. मूसारामबाग हे नावही त्याचेच. १७९८ च्या मार्चमध्ये तो वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी ती फ्रेंच फौज मोडून काढली.

ब्लांच्या त्या ढिगाचीच आजची आवृत्ती म्हणजे सुट्या अंगांची रायफल. १९६३ च्या सुमारास युजीन स्टोनर या अमेरिकन अभियंत्याने अशी रचना केली की, एकाच मुख्य भागास निरनिराळ्या नळ्या व कुंदे जोडून आखूड रायफल, लांब रायफल किंवा हलकी मशिनगन तयार व्हावी. १९९५ मध्ये अमेरिकन सैन्याने पाठीवरील आडव्या खाचांच्या पट्टीचे माप ठरवून दिले. तिचा जन्म पिकॅटिनी येथील शस्त्रागारात झाला, म्हणून तिला पिकॅटिनी पट्टी म्हणतात. या पट्टीवर दिवसाची दुर्बीण, रात्रीची दुर्बीण, विजेरी, पुढची मूठ, दोन पायांची घोडी, ज्यास जे लागेल ते चढवावे व उतरवावे. कुंदा मागेपुढे सरकतो, गालाखालची गादी वरखाली होते, कित्येक रायफलींत कळही दोन्ही बाजूंस असते. डावखुऱ्या शिपायास सुतार शोधावा लागत नाही. मात्र प्रत्येक जोडणीचे वजन शिपायाच्याच खांद्यावर पडते, आणि दुर्बीण बदलली की नेम पुन्हा जुळवावा लागतो.

आम्हां हैदराबादकरांस विशेष वाटावे असे हे की, पुण्याच्या शस्त्र संशोधन व विकास आस्थापनेने हैदराबादेतील द्वीपा आर्मर या खासगी कंपनीच्या सहकार्याने सिद्ध केलेली 'उग्रम्' ही रायफल ८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात प्रकट झाली. तिचे वजन चार किलोंहून कमी, मारा पाचशे मीटरपर्यंत, आणि पेटीत वीस काडतुसे. खर्ड्याच्या रणांगणावर समोरासमोर उभे ठाकलेले पुणे व हैदराबाद या कामात एका मेजावर बसले, हे पाहून इतिहासाच्या शिक्षकास समाधान वाटणारच.

तथापि ही सोय सैनिकासाठी आहे, हौसेसाठी नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रच गणले जातात. नळी आखूड करणे किंवा एका प्रकारच्या शस्त्राचे दुसऱ्यात रूपांतर करणे, यास स्वतंत्र परवाना लागतो. वारसास परवाना मागता येतो हे खरे. परंतु तोपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असले पाहिजे.

आम्ही दुकानदारांस भीतभीतच विचारले, "निदान कुंदा तेवढा वेगळा करून देता येईल का? आठवण म्हणून." त्यांनी मान हलविली. परवान्यावर जशी नोंद आहे तशीच बंदूक जमा व्हावयास हवी, अर्धी नव्हे.

पुतण्याने तेव्हा बंदूक हाती घेतली व रिकामीच खांद्यास लावून पाहिली. उजव्या खांद्यास कुंदा टोचला. क्षणभर थांबून त्याने तो हलकेच डाव्या खांद्यास टेकविला, पितळी पट्टीवर गाल ठेवला, आणि बंदूक खाली ठेवून म्हणाला, "काका, नवा कुंदा घातला तर ही आजोबांची कुठे उरते? मला परवाना नको."

पावतीवर आमची सही झाली. बंधूंस रात्री सर्व हकीकत कळविली, प्रथम ते गप्प राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे, दादा." दोन महिन्यांनी त्यांनी आम्हांस दादा म्हटले होते.