पीओपीची किंमत की बोअरच्या पाण्याची? घराच्या भावातून रचनेचा वाटा कसा वेगळा काढायचा

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी, कुठल्याही गावातल्या घरविक्रीच्या जाहिराती घ्या. शब्द ठरलेले असतात. पूर्वमुखी, वास्तुशास्त्रानुसार, मॉड्युलर किचन, हॉलला पीओपी, आकर्षक एलिव्हेशन, गाडी लावायला जागा. आणि त्यांच्याच रांगेत, बाकीच्यांइतकाच साधेपणाने छापलेला एक शब्द: मुबलक पाणी.

अशा जाहिराती वाचून संशोधनाचा विषय सुचतो: 'घराच्या रचनेतील नवे कल आणि ग्राहकांचे आकर्षण'. विषय चांगला आहे. पण तो जसाच्या तसा उचललात, शंभर जणांना 'मॉड्युलर किचन आवडतं का?' असं विचारलंत, तर नव्वद जण हो म्हणतील. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आवडणं वेगळं आणि त्यासाठी खिशातून जास्तीचे पैसे काढणं वेगळं.

हा फरक नुसता प्रबंधापुरता नाही. लहान शहरात घर विकायला काढणारा माणूस बऱ्याचदा अडचणीत असतो. दवाखाना, मुलीचं लग्न, कर्ज, नाहीतर मुलांबरोबर पुण्याला जाणं. त्याला कुणीतरी सांगतं, 'आधी दोन लाख घालून किचन करून घ्या, घर लगेच उठेल, भावही चांगला येईल.' ते दोन लाख तो उसने घेतो. हा सल्ला खरा की खोटा, हे सांगता येईल असा अभ्यास आपल्याला करायचा आहे.

पहिली पायरी: 'आकर्षण' म्हणजे काय मोजणार?

'घर चांगलं विकलं' या वाक्यात किमान तीन गोष्टी लपलेल्या आहेत. किती लोक बघायला आले, घर किती दिवसांत विकलं आणि शेवटी कितीला विकलं. तिन्ही एकाच दिशेने जातील असं नाही. झकास एलिव्हेशनमुळे बघायला वीस जण येतील, पण भाव तोच राहील. रंगरंगोटीमुळे घर दोन महिने आधी विकेल, पण एक रुपयाही जास्त येणार नाही. ज्याला पैशाची घाई आहे त्याला दोन महिने आधी विकणंही मोलाचं आहे. म्हणून यांपैकी तुम्ही नेमकं काय मोजताय, ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहा. इथून पुढे आपण शेवटच्या भावाबद्दल बोलू.

दुसरी पायरी: थाळीतल्या भाकरीचा भाव

खानावळीत थाळीचा एकच भाव असतो. त्यात भाकरीचे किती, पिठल्याचे किती, हे कुणी सांगत नाही. पण दहा खानावळींच्या थाळ्या आणि त्यांचे भाव मांडले, कुठे दही आहे, कुठे नाही, असं पाहिलं, की दह्याचा भाव अंदाजाने काढता येतो. घराचंही तसंच. केल्व्हिन लँकास्टर यांनी 1966 मध्ये मांडलं, की ग्राहकाला वस्तू नव्हे, तर वस्तूतले गुण हवे असतात. शेर्विन रोझेन यांनी 1974 मध्ये त्यातून बाजारभावाचा सिद्धांत उभा केला. या पद्धतीला हेडॉनिक किंमत पद्धत म्हणतात. घराचा भाव एका बाजूला आणि क्षेत्रफळ, वय, रस्ता, खोल्या, किचन, पाणी हे गुण दुसऱ्या बाजूला ठेवायचे. बाकी सगळं सारखं असताना एक गुण वाढला तर भाव कितीने हलतो, ते रिग्रेशनने काढायचं.

सगळी मेख 'बाकी सगळं सारखं असताना' या शब्दांत आहे.

तिसरी पायरी: सुटलेला रकाना

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एकाच आकाराची, एकाच वयाची 40 घरं. 20 घरांत मॉड्युलर किचन आहे, 20 घरांत नाही. किचनवाल्या घरांचा सरासरी भाव 31 लाख, बाकीच्यांचा 24 लाख. झालं, किचनमुळे 7 लाख वाढले!

आता पाण्याचा रकाना जोडा. किचनवाल्या 20 पैकी 16 घरांत बोअरला बारमाही पाणी आहे. बिनकिचनच्या 20 पैकी फक्त 4 घरांत. पाणी असलेली घरं किचनसह 33 लाख, किचनशिवाय 32 लाख. पाणी नसलेली किचनसह 23, किचनशिवाय 22. सरासरी स्वतः काढून बघा, 31 आणि 24 च येईल. पण किचनचा खरा वाटा 1 लाख, पाण्याचा 10 लाख. दोन लाख घालून किचन करणारा विक्रेता एक लाखाने बुडाला.

असं का होतं? जिथे पाणी लागलंय तिथेच मालक पुढचा खर्च करायला धजावतो. म्हणजे किचन आणि पाणी जोडीने येतात आणि तुमच्या तक्त्यात पाणी नसेल तर त्याचं श्रेय किचन घेऊन जातं. संख्याशास्त्रात याला वगळलेल्या चलाचा दोष म्हणतात. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात तो फार मोठा ठरू शकतो. इथला खडक बेसाल्टचा. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन प्लॉटमध्येही एक बोअर लागतो आणि एक कोरडा जातो. म्हणून 'अमुक कॉलनी' एवढी नोंद पुरत नाही. प्रत्येक घराला विचारा: बोअर आहे का, एप्रिल-मेमध्ये चालतो का, नळाला किती दिवसांनी पाणी येतं, टँकर घ्यावा लागतो का.

चौथी पायरी: भाव कुठून आणणार?

जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव. झालेल्या व्यवहाराची नोंद सूची क्रमांक 2 मध्ये मिळते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख असतं. पण दोन अडचणी आहेत. एक, तिथे किचन, पीओपी, पाणी यांचा रकानाच नाही. तो तुम्हाला घरोघरी जाऊन भरावा लागेल. दोन, मुद्रांक शुल्क मोबदला आणि शासनाच्या दर तक्त्याप्रमाणे निघालेलं मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. त्यामुळे कागदावरचा मोबदला रेडी रेकनरच्या जवळ ठेवण्याचा मोह असतो. तुमच्या आकड्यांत बरेच मोबदले त्या मूल्याला चिकटलेले दिसले, तर सावध व्हा. आणि या नोंदीत माणसांची नावं असतात, ती तुमच्या फाइलमध्ये येऊ देऊ नका.

दुसरा मार्ग आहे एकच घर दोनदा विकलं गेलं असेल तर ते पकडण्याचा. बेली, मुथ आणि नोर्स यांनी 1963 मध्ये ही पद्धत मांडली. जागा तीच, रस्ता तोच, त्यामुळे बरेच फरक आपोआप गळतात. पण मधल्या काळात गावच बदललं असेल तर? 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. त्याआधी घेतलेलं आणि नंतर किचन करून विकलेलं घर महाग गेलं, तर श्रेय कुणाला? यासाठी त्याच काळात काहीही काम न करता विकलेली घरं तुलनेला हवीतच.

भाव काय सांगत नाही

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं जाड भिंतींची, उन्हाळ्यात गार. आज घेणारा स्लॅब शोधतो, मग तो मे महिन्यात तापला तरी चालेल. आकड्यांत माळवदाचा वाटा उणे आला, तर त्याचा अर्थ घेणाऱ्यांना ते नको आहे, एवढाच. ते राहायला वाईट आहे, असा निष्कर्ष काढू नका.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गावातल्या वीस जाहिराती घ्या आणि प्रत्येक गुणाचा एक रकाना आखा. मग एखाद्या जुन्या मध्यस्थाला तो तक्ता दाखवून विचारा, 'यात काय राहिलं?' तो जे सांगेल, ते प्रश्नावली छापण्याआधी त्यात गेलं पाहिजे.