एका रथाचे दोन सारथी



एका माजी विद्यार्थ्याने शाळेस जुना लॅपटॉप भेट दिला. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. सर्व काही चाले. वाय-फाय मात्र चालेना. चिप जळाली असावी, असे अनुमान निघाले आणि यंत्र कपाटात गेले. दुरुस्तीसाठी जैनथहून आदिलाबादला कोण नेणार? वस्तुतः चिप धडधाकट होती. बिघडले होते ते सारथ्य.

लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. उपकरणांशी बोलण्याचे काम ड्रायव्हर, म्हणजे चालक, नावाचे छोटे प्रोग्रॅम करतात. संगणक सुरू होताना उपकरणाकडून त्याच्या निर्मात्याचा व त्याचा स्वतःचा क्रमांक वाचला जातो. त्यावरून यादीत पाहून योग्य चालक आपोआप बोलावला जातो.

परंतु एकाच क्रमांकावर दोन चालकांनी हक्क सांगितला तर? ब्रॉडकॉमच्या बीसीएम ४३१२ या चिपचे उदाहरण घ्या. तिला 'बी४३' हा मुक्त चालक चालवू शकतो आणि कंपनीचा 'डब्ल्यूएल' हाही. जो प्रथम बसेल, त्याच्याच हाती रथ! मात्र बी४३ ला फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरावयाची सूचनावली, वेगळी मिळवावी लागते. ती नसता तो आधी बसला, तर लगामावाचून बसलेला हा सारथी स्वतः रथ हाकीत नाही आणि दुसऱ्यास जागाही देत नाही.

उपाय दोन. सूचनावली मिळवून त्यालाच समर्थ करावे. अथवा दुसऱ्यास नेमावे. प्रथम 'एलएसपीसीआय -के' या आज्ञेने सध्या कोणता चालक कामावर आहे, ते पाहावे. दुसरा चालक यंत्रात आधीच बसविलेला असावा. मग 'ईटीसी'तील 'मॉडप्रोब.डी' या कप्प्यात '.कॉन्फ'ने संपणारी फाइल करून तीत 'ब्लॅकलिस्ट बी४३' ही ओळ लिहावी. तशीच ओळ 'एसएसबी'साठीही लिहावी. कारण बी४३ साठी चिप धरून ठेवणारा साहाय्यक तोच. डेबियनसारख्या प्रणालीत प्रारंभीच्या संचातही चालकांची प्रत असते. म्हणून तो संच नव्याने बांधून मगच यंत्र पुन्हा सुरू करावे.

आमच्या लॅपटॉपातही दोन चालकांचाच तंटा होता. एकास वगळताच वाय-फाय सुरू झाले आणि यंत्र कपाटातून वर्गात आले. कोणतीही वस्तू निकामी ठरविण्यापूर्वी तिचे सारथ्य कोणाकडे आहे, एवढे विचारून पाहावे. या चौकशीस पैसा लागत नाही.