भोंगा थांबल्यानंतर

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की घरोघरी दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवावयाचे आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसावयाचे. २०२० मध्ये शाळांना टाळे लागले, तेव्हा मोबाईलला पाटीची जागा आपणच दिली होती. शाळा उघडल्यावरही तो मुलांच्या हातून सुटेना, म्हणून हा उपाय योजावा लागला. त्याचे सर्वत्र कौतुक झाले, ते यथार्थच होय. कारण हे बंधन केवळ मुलांवर नव्हते, मालिका पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांवरही होते.

तथापि साडेआठनंतर काय, हा प्रश्न उरतोच. भोंगा वेळ ठरवून देतो. हाती आलेल्या साधनाचे काय करावे, हे तो शिकवू शकत नाही. कायद्याचेही तसेच आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. परंतु अटी न वाचताच संमती देणारा पालक मुलाचे रक्षण कसे करणार?

रस्ता ओलांडावयास आपण मुलाला एका दिवसात शिकवीत नाही. प्रथम हात धरतो, मग सोबत चालतो, शेवटी दुरून लक्ष ठेवतो. येथेही क्रम तोच असावा. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ती योजना आपल्याला खिळवून ठेवण्यासाठीच केलेली असते, हे तिसरी-चौथीतील मुलालाही समजते; ती सोय बंद कशी करावी, हे त्याच्याच हातून करवून घ्यावे. वर्गमित्राचे छायाचित्र पाठविण्यापूर्वी त्याला विचारावे, आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी लिहिला हे पाहावे, परक्याने मागितलेला परवलीचा अंक कोणासही सांगू नये, हे धडे शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासालाही देता येतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक घडल्यास मूल निर्भयपणे घरी येऊन सांगेल, एवढा विश्वास त्याला वाटला पाहिजे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पण माराच्या धाकाने मूल गप्प राहिले, तर तो फिरविणार कोण? गावाने दीड तास मिळवून दिला आहे. त्यातील थोडा वेळ मुलांशी या विषयावर बोलण्यात खर्चिला, तर पुढे भोंग्याची गरज कमी भासेल.