विश्लेषण : कर्ज थकले, तर माजी सैनिकाच्या पेन्शनवर टाच येते का?

समजा, सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त हवालदार आहे. भाच्याने गावातल्या पतसंस्थेतून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले आणि मामा जामीनदार राहिला. फौजेतला माणूस, दरमहा पेन्शन. पतसंस्थेला याहून भरवशाचा जामीनदार कोण मिळणार? पुढे भाच्याचे हप्ते थकले आणि एके दिवशी मामाला एटीएममधून पैसेच निघेनात. बँकेत गेल्यावर कळले, खात्यावर जप्तीचा आदेश आला आहे. ‘पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही’ हे तर त्याने पलटणीत असल्यापासून ऐकलेले. मग हे झाले कसे?

कायदा काय सांगतो?

पलटणीत ऐकलेले चुकीचे नाही. 1871 च्या पेन्शन कायद्याचे कलम 11 स्पष्ट आहे. पूर्वीच्या सेवेबद्दल सरकार जे पेन्शन देते, ते सावकाराच्या किंवा बँकेच्या मागणीवरून न्यायालयाला जप्त करता येत नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम 60 मध्येही पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जप्तीतून वगळली आहे. सेवेत असलेल्या जवानाच्या पगारालाही असेच संरक्षण आहे. पेन्शन पुढे मिळणार म्हणून आधीच कुणाच्या नावे लिहून दिले, तर तो कागद 1871 च्याच कायद्याच्या कलम 12 नुसार रद्दबातल ठरतो.

हवाई दलातल्या एका विंग कमांडरच्या प्रकरणात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण थेट सरकारविरुद्ध लागू केले. सरकारी घर मुदतीनंतरही ताब्यात ठेवले म्हणून त्यांच्या कम्युटेशनच्या रकमेतून वीस हजारांहून अधिक रुपये कापले होते. कम्युट केले तरी ते पेन्शनच, परस्पर कापता येणार नाही, असा निकाल लागला.

पैसे खात्यात जमा झाल्यावर काय?

खरी गोम इथे आहे. सरकारी तिजोरीत असेपर्यंत संरक्षण, पेन्शनरच्या हातात पडले की ते साधे पैसे, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे केला जात असे. नोव्हेंबर 2008 मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला उत्तर दिले. निवृत्तीचे पैसे मुदतठेवीत ठेवले तरी त्यांचे मूळ स्वरूप बदलत नाही, संरक्षण कायम राहते.

पण बँकेतल्या बाबूला हा निकाल माहीत असतोच असे नाही. न्यायालयाचा आदेश (बँकेच्या भाषेत ‘गार्निशी ऑर्डर’) किंवा पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याचे पत्र आले, की शाखा आधी खाते गोठवते आणि विचार नंतर करते. त्या खात्यात पेन्शनबरोबर ऊसबिल, मुलाने पाठवलेले पैसे, सिक्युरिटीच्या नोकरीचा पगार असे सगळे एकत्र झालेले असेल, तर कोणता रुपया पेन्शनचा हे दाखवण्याची वेळ पेन्शनरवरच येते.

अमेरिकेत 2011 पासून उलट पद्धत आहे. जप्तीचा आदेश आला, की बँकेनेच मागच्या दोन महिन्यांत माजी सैनिकांचे सरकारी लाभ किती जमा झाले ते तपासायचे आणि तेवढी रक्कम आपणहून मोकळी ठेवायची. अर्ज, वकील, हेलपाटे काही नाही. आपल्याकडे कायदा दीडशे वर्षांचा आहे, पण हे काम करणारी यंत्रणा नाही.

बँकेचे स्वतःचे कर्ज असेल तर?

पेन्शन लोन घेताना हप्ता खात्यातून वळता करण्याच्या संमतीवर सही घेतलेली असते. बँक म्हणते, ही जप्ती नव्हे, हा करार. कलम 11 न्यायालयाच्या जप्तीबद्दल बोलते, त्यामुळे इथे भांडण अवघड होते. म्हणून सही करण्याआधी हप्ता पेन्शनच्या किती टक्के जातो, हे मोजलेले बरे.

जादा पेन्शन दिले गेले म्हणून वसुली निघते, तो प्रकार वेगळा. भंडारा आयुध निर्माणीतून 1994 मध्ये निवृत्त झालेल्या 85 वर्षांच्या एका कर्मचाऱ्याकडून बँकेने अशीच 3 लाख 69 हजारांची वसुली सुरू केली होती. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती बेकायदा ठरवली आणि वर 50 हजार रुपये द्यायला लावले. आता ‘स्पर्श’ प्रणालीत आलेल्यांचे पेन्शन संरक्षण लेखा विभागाकडून थेट खात्यात येते, त्यामुळे अशा चुकीची तक्रारही तिकडेच करावी लागते.

संरक्षण कुठे संपते?

बायकोच्या पोटगीपुढे. पत्नी ही ‘सावकार’ नव्हे, त्यामुळे पोटगीसाठी पेन्शनमधून रक्कम वळती करता येते, अशी भूमिका उच्च न्यायालयांनी घेतली आहे. तारण ठेवलेले घर किंवा गाडी यांनाही पेन्शन कायदा वाचवत नाही. आणि कर्ज काही माफ होत नाही, ते उभेच राहते.

खाते गोठले तर?

पीपीओची प्रत, पेन्शन जमा झाल्याच्या नोंदी दाखवणारे पासबुक आणि लेखी अर्ज घेऊन आधी शाखेत जावे, पोच घ्यावी. आदेश न्यायालयाचा असेल तर त्याच दरखास्तीत हरकत नोंदवावी लागते. पतसंस्थेचा असेल तर वसुली अधिकाऱ्याकडे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेचे वसुली एजंट सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करत असतील, तर तीही तक्रार तिथेच. अर्ज लिहायला मदत हवी असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. पेन्शनसाठी वेगळे खाते ठेवून त्यात दुसरा एकही रुपया न टाकणे, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. तो मात्र खाते गोठण्याआधी करायचा असतो.